दगडावर राहिलेले नाव : ब्राइडकर्कचे बाप्तिस्मा-कुंड



इंग्लंडच्या वायव्य कोपऱ्यात कंब्रिया नावाचा परगणा आहे. डोंगर, तळी आणि मेंढ्यांची कुरणे यांचा हा प्रदेश. तेथे कॉकरमाउथ नावाचे एक गाव आहे. विल्यम वर्ड्‌स्वर्थ हा कवी १७७० साली याच गावी जन्मला. कॉकरमाउथच्या उत्तरेस दोन-तीन किलोमीटरवर ब्राइडकर्क हे अगदी लहान खेडे आहे. खेड्यात एक चर्च आहे आणि त्या चर्चमध्ये दगडाचे एक चौकोनी कुंड आहे. आजच्या लेखात आम्ही या कुंडाची हकीकत सांगणार आहोत. ती एका पाथरवटाची, त्याच्या नावाची आणि शेकडो वर्षे कोणालाही न वाचता आलेल्या दोन ओळींची हकीकत आहे.

कुंड कशासाठी?

ख्रिस्ती धर्मात बाप्तिस्मा हा पहिला संस्कार मानला जातो. बाळाला पाण्याने न्हाऊ घालून किंवा त्याच्या मस्तकावर पाणी ओतून धर्मात प्रवेश दिला जातो आणि त्याच वेळी त्याचे नाव घेतले जाते. हे पाणी ज्या पात्रात ठेवतात त्याला इंग्रजीत 'फॉन्ट' म्हणतात. हा शब्द लॅटिन भाषेतून आला. तेथे त्याचा मूळ अर्थ झरा असा होतो.

मध्ययुगात लहान बाळाला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देण्याची पद्धत होती. म्हणून त्या काळची कुंडे चांगली मोठी आणि खोल असत. गावातील प्रत्येक मूल, मग ते जमीनदाराचे असो वा मेंढपाळाचे, त्याच एका कुंडापाशी आणले जाई. कुंडातील पाणी पवित्र समजले जात असल्यामुळे लोक ते जादूटोण्यासाठी चोरून नेतील अशी भीती असे. १२३६ साली कँटरबरीचे आर्चबिशप एडमंड यांनी कुंडांवर झाकण घालून कुलूप लावावे असा आदेश काढला होता. जुन्या कित्येक कुंडांच्या काठावर त्या कड्या-कोयंड्यांच्या खुणा आजही दिसतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. इंग्लंडमधील चर्चच्या इमारती वेळोवेळी पाडल्या गेल्या, वाढवल्या गेल्या, नव्याने बांधल्या गेल्या. कुंड मात्र बहुधा तेच ठेवले जाई. ज्या कुंडात आजोबांचा बाप्तिस्मा झाला त्यातच नातवाचा व्हावा, अशी लोकांची भावना असे. सतराव्या शतकातील यादवी युद्धाच्या काळात कट्टर सुधारकांनी अनेक कुंडे बाहेर फेकली. त्यांतील काही पुढे शेतात गुरांना पाणी पाजण्याच्या कामी आली आणि नंतर पुन्हा चर्चमध्ये परतली. म्हणूनच आज एखाद्या इंग्रजी खेड्यातील सर्वांत जुनी वस्तू कोणती असे विचारले, तर पुष्कळदा चर्चमधील कुंडाकडेच बोट दाखवावे लागते.

ब्राइडकर्कला तसेच झाले. तेथील सध्याचे चर्च १८६८ ते १८७० या काळात बांधले गेले. जुन्या चर्चचा थोडा पडका भाग शेजारीच उभा आहे. कुंड मात्र बाराव्या शतकातील आहे. म्हणजे आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली त्याच्याही शंभर वर्षांहून आधीचे.

कुंडावर काय कोरले आहे?

कुंडाच्या चारही बाजूंवर भरगच्च कोरीव काम आहे. एका बाजूला येशूचा बाप्तिस्मा आहे. योहान त्याला पाण्यात न्हाऊ घालीत आहे. बाप्तिस्म्याच्या कुंडावर हे चित्र असावे हे ओघानेच आले. दुसऱ्या एका बाजूला आदम आणि हव्वा यांना नंदनवनातून बाहेर काढल्याचा प्रसंग आहे. बायबलप्रमाणे माणसाच्या पापाची कथा येथून सुरू होते आणि बाप्तिस्म्याच्या पाण्याने ते पाप धुतले जाते. त्यामुळे ही दोन चित्रे एकमेकांना पूरक आहेत. याखेरीज वेलबुट्टी, फळे आणि वेली गिळणारे विचित्र काल्पनिक प्राणी आहेत.

परंतु पाहणाऱ्याची नजर खिळते ती आणखी एका आकृतीवर. वेलबुट्टीच्या कडेला एक छोटासा माणूस कोरलेला आहे. त्याच्या एका हातात हातोडा आहे आणि दुसऱ्या हातात छिन्नी. तो ती वेलच कोरीत आहे. हा देव नाही, संत नाही, राजाही नाही. हा कुंड घडवणारा पाथरवट आहे आणि त्याने आपल्याच कामावर आपलेच चित्र काढून ठेवले आहे.

त्याच बाजूला दगडात एक फितीसारखी पट्टी कोरलेली असून तिच्यावर दोन चरणांचा लेख आहे. लेखात कुंड स्वतःच बोलते. त्याचा आशय असा, की रिचर्डने मला घडवले आणि काळजीपूर्वक या शोभेला आणले. दुसऱ्या चरणातील एका शब्दाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. पहिल्या चरणाविषयी मात्र आता शंका उरलेली नाही. घडवणाऱ्याचे नाव रिचर्ड होते.

वस्तूच्या तोंडून बोलण्याची ही रीत इंग्लंडमध्ये जुनी होती. १६९३ साली सॉमरसेट परगण्यात सोन्याचा एक लहान अलंकार सापडला. तो आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. त्याच्या कडेवरील अक्षरे सांगतात, की आल्फ्रेडने मला घडवून घेतले. हा आल्फ्रेड म्हणजे नवव्या शतकातील प्रसिद्ध राजा आल्फ्रेड असावा असे मानतात. आता दोन्ही लेख शेजारी ठेवून पाहा. अलंकारावर घडवून घेणाऱ्याचे नाव आहे. ज्या सोनाराने ते नाजूक काम केले त्याचा पत्ताच नाही. ब्राइडकर्कच्या कुंडावर नाव आहे ते घडवणाऱ्याचे.

आपल्याकडेही हा फरक पाहायला मिळतो. कर्नाटकात श्रवणबेळगोळ येथे गोमटेश्वराच्या प्रचंड मूर्तीच्या पायाशी मराठीतील एक ओळ कोरलेली आहे. मराठीच्या जुन्या शिलालेखांत तिची गणना होते. ती सांगते, की चावुंडराजाने ही करविली. हीच गोष्ट शेजारी कन्नड आणि तमिळ भाषांतही लिहिलेली आहे. छिन्नी चालवणाऱ्यांची नावे तिन्ही भाषांत नाहीत. उलट त्याच कर्नाटकात बेलूर आणि सोमनाथपूर येथील होयसळ मंदिरांत मूर्तिकारांनी मूर्तींखाली आपली नावे कोरली आहेत. दासोज, मल्लितम्म ही नावे त्यामुळेच आपल्याला ठाऊक आहेत. रिचर्ड याच मोजक्या मंडळींपैकी एक.

एका ओळीत किती भाषा?

आता लेखाच्या लिपीकडे वळू. ही अक्षरे 'रून' लिपीतील आहेत. उत्तर युरोपातील लोक ही लिपी लाकडावर आणि दगडावर कोरण्यासाठी वापरीत. म्हणून तिच्या अक्षरांत सरळ रेषा पुष्कळ असतात आणि वळणे कमी. या लिपीचे अनेक प्रकार होते. ब्राइडकर्कचा प्रकार स्कँडिनेव्हियन, म्हणजे नॉर्वे-डेन्मार्ककडचा आहे.

परंतु भाषा स्कँडिनेव्हियन नाही. ती इंग्रजी आहे, बाराव्या शतकातील इंग्रजी. 'घडवले' या अर्थी तेथे आलेला शब्द 'व्रोक्ते' असा काहीसा उच्चारला जात असावा. आज घडीव लोखंडाला 'रॉट आयर्न' म्हणतात, त्यातील 'रॉट' हा त्याचाच वंशज. 'आणले' या अर्थाचा शब्द 'ब्रोक्ते', म्हणजे आजचा 'ब्रॉट'. दोन्ही चरणांच्या शेवटी हे शब्द येऊन यमक जुळते. जुन्या इंग्रजी काव्यात शब्दांच्या आरंभीचे ध्वनी जुळवण्याची पद्धत होती. शेवटी यमक जुळवण्याची आवड पुढे लॅटिन आणि फ्रेंच काव्याच्या सहवासाने वाढली.

अजून पुढे पाहू. काही ठिकाणी रून अक्षरांनी काम भागेना, तेव्हा लेख लिहिणाऱ्याने इंग्रजी पोथ्यांत वापरली जाणारी अक्षरे मध्येच घेतली. 'आणि' या शब्दासाठी तर त्याने लॅटिन लेखनिकांचे एक संक्षिप्त चिन्ह वापरले. आणि रिचर्ड हे नाव? १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यांची भाषा फ्रेंच होती आणि रिचर्ड हे नाव इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाले ते त्यांच्यामुळे.

म्हणजे लिपी स्कँडिनेव्हियन, बोली इंग्रजी, 'आणि'चे चिन्ह लॅटिन लेखनिकांचे, आणि नाव नॉर्मनांनी रुजवलेले. एवढे सगळे अवघ्या दोन चरणांत.

हे कसे घडले ते समजण्यासाठी त्या प्रदेशाचा इतिहास पाहायला हवा. हा सीमेवरचा मुलूख होता. रोमन लोकांनी जवळच पॅपकॅसल येथे किल्ला बांधला होता. पुढे तेथे वेल्श भाषेशी नाते असलेली भाषा बोलणारे लोक होते, नंतर इंग्रज आले. दहाव्या शतकाच्या सुमारास नॉर्वेच्या वंशाचे लोक आयर्लंडच्या बाजूने समुद्रमार्गे येऊन वसले. १०९२ साली नॉर्मन राजा दुसरा विल्यम याने जवळचे कार्लाइल घेतले. ११३६ मध्ये ते स्कॉटलंडचा राजा डेव्हिड याच्याकडे गेले आणि ११५७ मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने परत मिळवले. ब्राइडकर्क हे नावच पाहा. ब्राइड म्हणजे आयर्लंडची संत ब्रिजिड आणि कर्क हा चर्चसाठी असलेला नॉर्वेकडचा शब्द. तेथील डोंगरकरी आजही ओढ्याला 'बेक' आणि डोंगराला 'फेल' म्हणतात. हेही शब्द नॉर्वेकडून आलेले.

त्या काळी चर्चची भाषा लॅटिन होती आणि सरदारांची फ्रेंच. शेतात, बाजारात, घरात लोक जे बोलत त्याला लेखनात फारशी प्रतिष्ठा नव्हती. तरीही या कुंडावर लोकांच्या बोलीत लिहिले गेले आणि त्यासाठी हाताशी होती ती सर्व अक्षरे वापरली गेली. भेसळ झाली म्हणून लेख बिघडला, असे आज कोणताही विद्वान म्हणत नाही. उलट त्या भेसळीमुळेच तेथील लोकजीवनाचा पुरावा आपल्या हाती आला.

नाव हरवले कसे?

लेख दगडात होता, कुंड रोजच्या वापरात होते, आणि तरीही रिचर्डचे नाव हरवले. कारण रून लिपी वाचणारे लोक उरले नाहीत.

सतराव्या शतकाच्या आरंभी विल्यम कॅम्डेन या इतिहासकाराने आपल्या 'ब्रिटानिया' या ग्रंथात या हिरवट दगडाच्या कुंडाची नोंद केली. त्याने अक्षरे उतरवून घेतली, परंतु ती कोणत्या लोकांची आहेत आणि काय सांगतात हे आपल्याला माहीत नाही, विद्वानांनी ठरवावे, असे प्रामाणिकपणे लिहिले.

त्यानंतर १६८५ साली विल्यम निकल्सन याने प्रयत्न केला. हा पुढे कार्लाइलचा बिशप झाला. त्याचा जुन्या उत्तरी भाषांचा अभ्यास होता. त्याने सर विल्यम डगडेल यांना पत्र लिहून लेखाचा अर्थ कळवला आणि ते पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. त्याच्या मते लेखाचा अर्थ असा होता, की येथे एकार्ड नावाच्या माणसाने धर्मांतर केले आणि त्याच्या उदाहरणाने डेन लोक ख्रिस्ती झाले. लिपी स्कँडिनेव्हियन म्हणून मजकूरही डेन लोकांविषयीच असणार, असे त्याने धरून चालले असावे. रिचर्डचा एकार्ड झाला, पाथरवटाचा धर्मांतरित पुढारी झाला आणि हातोडा-छिन्नी घेतलेला माणूस समोर दिसत असूनही लेखातील त्याचे काम पुसले गेले.

पुढे अभ्यास वाढला, इतर रून लेख वाचले गेले, जुन्या इंग्रजीचे व्याकरण स्पष्ट झाले, तेव्हा कोठे खरे वाचन हाती आले. निकल्सनला हसण्याचे कारण नाही. त्याने प्रयत्न केला म्हणून लेखाकडे इतरांचे लक्ष गेले. परंतु मधल्या काळाचा विचार करा. पिढ्यानपिढ्या आईबाप आपली बाळे घेऊन त्या कुंडापाशी उभे राहिले. बाळाचे नाव मोठ्याने उच्चारले गेले. आणि डोळ्यांसमोरच कोरलेले रिचर्डचे नाव त्यांच्यापैकी कोणालाही वाचता येत नव्हते. नाव टिकण्यासाठी दगड टिकला एवढ्याने भागत नाही, वाचणारेही टिकावे लागतात.

आमच्या शाळेसाठी यातून काय?

ही हकीकत आम्हांस आमच्या शाळेच्या वार्तापत्रात का सांगावीशी वाटली, तेही थोडक्यात सांगतो.

आमचे स्वतःचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. मराठी आमच्या घरची. कार्यालयीन कागद लिहिताना आजही आधी हिंदी शब्द सुचतो. पालकसभेत काही पालक संकोचाने म्हणतात, "सर, आमच्या मुलांचे मराठी पुण्यासारखे शुद्ध नाही, मध्ये मध्ये हिंदी येते." म्हणून मग ते घरातही मराठी बोलणे सोडून देतात. या पालकांना आम्ही ब्राइडकर्कच्या त्या दोन ओळी दाखवू इच्छितो. पिढ्यानपिढ्या दुसऱ्या भाषेच्या शेजारी राहिले की शब्दांची देवघेव होणारच. व्याकरण सुधारणे हे शाळेचे काम आहे आणि ते आम्ही करू. बोलणे चालू ठेवणे हे घराचे काम आहे. बोलणेच थांबले तर सुधारायला काही उरणार नाही.

दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. इंदूरला होळकरांच्या आणि ग्वाल्हेरला शिंद्यांच्या दरबारी मराठी कारभार मोडी लिपीत चाले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पणजोबांचे हिशेब, खरेदीखत किंवा पत्रे त्याच लिपीत असतील. घरात कागद आहेत आणि वाचणारा कोणी नाही, अशी स्थिती असेल तर कॅम्डेनची आणि आपली अवस्था सारखीच आहे. मोडी अजून पूर्णपणे विसरली गेलेली नाही. ती शिकवणारे आणि वाचणारे जाणकार आहेत. असे कागद कोणाच्या घरी आढळल्यास ते टाकून देऊ नयेत, लॅमिनेशनही करू नये. कोरड्या जागी ठेवून वर्गशिक्षकांना कळवावे. आठवी-नववीच्या इच्छुक विद्यार्थ्यांसाठी सुटीत मोडीची ओळख करून देण्याचा आमचा मानस आहे.

तिसरी गोष्ट विश्वस्त मंडळापुढे नम्रपणे ठेवतो. आपल्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर देणगीदारांची नावे संगमरवरी पाटीवर कोरलेली आहेत. ती असायलाच हवीत, त्यांच्या औदार्यावर ही शाळा उभी आहे. परंतु ज्या गवंड्यांनी भिंती रचल्या, ज्या सुतारांनी वर्गांचे दरवाजे केले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव आम्हांस शाळेच्या कागदपत्रांत सापडले नाही. यापुढे जेव्हा इमारतीचे काम निघेल, तेव्हा एका लहानशा दगडावर कारागिरांची नावेही कोरावीत. खर्च थोडा आहे.

आणि ती नावे बाळबोध अक्षरांत, आपल्या मराठीत कोरावीत. पुढे ती वाचता येणारी मुले या शाळेतून बाहेर पडत राहतील, याची काळजी आपण सर्वांनी मिळून घ्यायची आहे.